त्रेचाळीस भुलाबाया

सावली गावचा पत्रू कुंभार भित्रा होता, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जंगलातल्या मोठ्या जनावराला सगळाच मुलूख भ्यायचा, त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही असा रिवाजच होता. पण पत्रू जंगल खात्याच्या नाकेदाराला भ्यायचा, शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या टोपीला भ्यायचा, आणि संध्याकाळी चिंचेखालून जावं लागलं तर आधी चिंचेला हात जोडायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पत्रूच्या पाठी दोन-चार तरी असावेत. आगीला तेवढा तो भीत नसे. धगधगत्या आव्यातून मडकं काढणारा हा माणूस घरात पाल चुकचुकली की उंबऱ्यावर थबकायचा आणि मग बाहेर जाण्याचं कामच रद्द करायचा.

त्याच्या बायकोचं नाव मनकर्णा. ती सासरी आली तेव्हा सासूनं पदर वर करून पाहिलं आणि म्हणाली, “मडकं जास्तच भाजलं वाटते.” कुंभाराच्या घरातली थट्टा, पण ती गावभर झाली आणि मनकर्णेला चिकटून राहिली. रंगानं काळी, गालांवर देवीचे वण, वरचा ओठ एका बाजूला जरासा उचललेला, आणि डावी भुवई उजवीपेक्षा वर. त्या भुवईमुळे समोरचा माणूस काहीही बोलला, तरी ती मनातल्या मनात ‘अस्सं का?’ म्हणतेय असं वाटायचं. तिला देखणी असं कोणी कधी म्हटलं नाही. तीही म्हणवून घ्यायला गेली नाही. लग्नाकार्यात ती मागच्या रांगेत बसायची, भांडी घासायला मात्र पुढं असायची.

पत्रूचा तिच्यावर जीव होता. हे इथं सरळ सांगून टाकतो, कारण पत्रूनं ते कधीच सांगितलं नाही. बायकोवर जीव आहे असं बोलून दाखवणाऱ्या नवऱ्याला त्या काळात गावानं बैल म्हटलं असतं, आणि पत्रू गावालाही भ्यायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोन मुलं जन्मताच गेली. दुसऱ्या वेळी तर मनकर्णाच जाता जाता वाचली. तेव्हापासून पत्रू तिचा श्वास मोजायचा. ती झोपली की नाकाशी हात धरून पाहायचा, आणि तिनं कूस बदलली की झोपेचं सोंग घ्यायचा.

छप्पन सालच्या भाद्रपदात मनकर्णेला आठवा महिना लागला. दीड-दोन महिन्यांत आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाणार, अशी चर्चा तेव्हा पारावर चालायची. पत्रूच्या डोक्यात त्यातलं काही शिरत नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की ही यंदा वाचली पाहिजे.

भाद्रपदाच्या पुनवेला घरोघरी भुलाबाई बसते. ती म्हणजे पार्वती, महिनाभरासाठी माहेरी आलेली. शेजारी भुलोजी, मांडीवर गणपती, सगळी कच्च्या मातीची. मोहल्ल्यातल्या पोरी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन तिच्यापुढं टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते, आणि ओळखता आली नाही तरी ती मिळतेच. कोजागिरी झाली की भुलाबाई सासरी जाते, म्हणजे पाण्यात जाते. सावलीच्या भुलाबाया पत्रूच्या घरून जायच्या, त्याआधी त्याच्या बापाकडून जायच्या, आणि तोंड तेच असायचं, कारण साचा बापाचा होता. गोल, गुबगुबीत, कुठं पाहतेय ते कळू नये असं तोंड.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास छपरातून पाणी गळलं आणि बापाचा साचा तडकला. पत्रूनं एका दुपारी बसून नवा केला. समोर कोणी बसवलं नव्हतं. मनकर्णा आत तांदूळ निवडत होती, तिची पाठ तेवढी दिसत होती. पत्रूनं माती घेतली, नाक काढलं, ओठ काढले, भुवया उचलल्या, त्यावर माती दाबून ठसा घेतला, तो उन्हात ठेवला, आव्यात भाजला. त्यातून निघालेली पहिली भुलाबाई पाहून तो स्वतःच खूश झाला. तोंड जिवंत वाटत होतं. आता काहीतरी बोलेल असं वाटत होतं. रोज सकाळी जे तोंड बघून माणूस उठतो ते कसं आहे असं त्याला विचारा, त्याला सांगता येणार नाही. हाताला मात्र ठाऊक असतं. पत्रूच्या हातानं काय केलं ते पत्रूला कळलं नव्हतं.

डोळे काढणं हे कुंभारणीचं काम. मनकर्णेनं शिंदीची काडी चावून कूची केली आणि काजळानं एकेकीचे डोळे काढले. यंदा तिला वेळ फार लागला. पोटुशी बाई, पाठ दुखत असेल, म्हणून पत्रू काही बोलला नाही. सगळ्या मिळून त्रेचाळीस भुलाबाया झाल्या आणि पुनवेच्या आधी एकूण एक गेल्या. यंदाची भुलाबाई लय गोड हाये, असं घरोघरून आलं.

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रू पाटलाच्या घरी मडकी द्यायला गेला. ओसरीवर सुगंधाबाई बसली होती. सुगंधाबाई ही गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं, त्यामुळं उरलेल्या अर्ध्यालाही ती आपलंच समजायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा कारभार. खिरापतीचा लाडू खात ती भुलाबाईकडं पाहत होती. एकदम तिचं तोंड चालायचं थांबलं.

“काय गा पत्रू, हे तं तुयी मनकर्णा होय!”

“नाई वो बाई,” पत्रू हसत म्हणाला, “भुलाबाई होय थे.”

“मले शिकवतं का? दोन बाळतपनात थे तोंड म्या रातभर पाह्यलं. भुवई पाह्य तिची. होट पाह्य.” मग तिनं आवाज खाली आणला. “अरे बापा, जित्या मानसाचं तोंड मातीले देतेत का कुठी? पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पोट्ट्या इले थंडी करतीन ना? मंग?”

आमच्याकडे मूर्ती बुडवली असं कोणी म्हणत नाही. देवाला बुडवलं कसं म्हणायचं? थंडी केली म्हणतात. आणि माणूस गेला तरी तो थंडा झाला असंच म्हणतात. शब्द एकच. सुगंधाबाई उरलेला लाडू खाऊन, हात पुसून निघूनही गेली. तिच्या लेखी ती ओसरीवरची गोष्ट होती.

पत्रूनं मखरात पाहिलं. झेंडूच्या माळेखाली मनकर्णा बसली होती आणि त्यालाच विचारत होती, अस्सं का?

खरं सांगायचं तर क्षणभर त्याला बरं वाटलं. किती सुंदर दिसते आपली बायको, असं वाटलं. हे सुख जेमतेम एका श्वासाचं. दुसऱ्या श्वासाला त्यानं हिशोब केला. एक नाही, दोन नाही, त्रेचाळीस मनकर्णा त्यानं आपल्या हातानं घडवून गावाला दिल्या होत्या, आणि चौदा दिवसांनी त्या सगळ्या गाणी म्हणत पाण्यात सोडल्या जाणार होत्या. तिला नववा महिना लागलेला. आधीच दोनदा मरण दाराशी येऊन गेलेलं, आणि आता आपणच त्याला त्रेचाळीस आवतणं धाडली.

घरी येऊन त्यानं पहिलं काम केलं ते साच्याचं. आधी वाटलं बोडीत, म्हणजे गावाच्या तळ्यात, फेकावा. बोडीपर्यंत गेलाही. मग काठावर उभ्या उभ्या त्याच्या लक्षात आलं, की पाण्यात टाकला म्हणजे तोही थंडा केल्यासारखंच. तो तसाच परत आला आणि दगडानं साच्याचं पीठ करून त्यानं ते मातीत मिसळून टाकलं. मनकर्णा दारात उभी राहून पाहत होती.

“काय फोडून राह्यले?”

“खराब होता,” पत्रू म्हणाला. तिच्याकडं मान वर करून पाहायची त्याची छाती झाली नाही. तिला सांगायचं तर नव्हतंच. भेदरली तर पोटातल्या जिवाला काही होईल. हा घोर एकट्यानंच गिळायचा, असं त्यानं ठरवलं. पत्रूनं आयुष्यात घेतलेला हा एकमेव धाडसी निर्णय, आणि तोच चुकला, हे पुढं कळेल.

बसवलेली भुलाबाई मधेच उठवता येत नाही. परत मागून आणणं शक्यच नव्हतं. मग राहिला एकच उपाय. मूर्ती कच्च्या मातीची होती. ओल्या फडक्यानं भिजवून अंगठा फिरवला की तोंड बदलतं.

दुसऱ्या दिवसापासून पत्रू कमरेला ओलं फडकं खोचून घरोघर फिरू लागला. “माती जराशी खराब लागली यंदा, बाई. होटाले तडा जाऊन राह्यला. हात फिरवून देतो.” कोण नाही म्हणणार? मखरापुढं बसायचं, फडकं तोंडावर धरायचं, माती नरमली की भुवईवर अंगठा दाबायचा. मग ओठ. मग नाक. रंगाचा हात द्यायचा, दोन टिंबं डोळ्यांची, झालं. बापाच्या साच्यासारखं गोल, गुबगुबीत, कुठं पाहतेय ते कळू नये असं तोंड.

पहिल्या घरी त्याचा अंगठा भुवईपाशी अडला. चार-पाच वेळा पुढं नेला, मागं घेतला. पाटलीणबाई म्हणाल्या, “काऊन रे, हात दुखते का?” तेव्हा त्यानं डोळे मिटून दाबलं. भुवई बोटाखाली बसली, मग ओठ, मग नाक. ‘माफ कर माय,’ असं तो पुटपुटला. भुलाबाईला म्हणाला की मनकर्णेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

असं त्यानं बेचाळीस वेळा केलं. सवय होईल असं वाटलं होतं, पण झाली नाही. पाथरीच्या वाटेवरच्या एका घरात सहा-सात वर्षांची पोरगी त्याच्या पाठीमागं उभी राहून सगळं पाहत होती. काम झाल्यावर ती म्हणाली, “पह्यले थे आमच्याकडं पाहे. आता कोनाकडंच नाई पाहत.” आणि तिनं भोकाड पसरलं. पत्रू फडकं तिथंच टाकून निघाला, पुन्हा मागं येऊन घेऊन गेला. रात्री जेवण उतरेना. मनकर्णा विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही. ती भुवई वर करून पाहायची आणि तो खरकट्या ताटात बोटं फिरवत बसायचा.

दसऱ्यापर्यंत बेचाळीस झाल्या. त्रेचाळिसावी सापडेना. सावलीत नव्हती, आसपासच्या गावात नव्हती. पुनव एका दिवसावर आली तेव्हा नवाब भेटला. नवाब मणियार बांगड्यांची पेटी घेऊन चांद्यापर्यंत फिरायचा, पत्रूचा लहानपणापासूनचा दोस्त.

“अरे, एक तर मीच नेली ना,” तो म्हणाला. “तू घरी नव्हता. भाभीनं दिली. चांद्याले जंगल कचेरीतले बाबू हायेत, गुणवंतराव, त्यांची पोट्टी मांगत होती. काऊन, काय झालं?”

पत्रूनं त्याला सगळं सांगितलं. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच कोणाशी बोलला. नवाबनं ऐकून घेतलं.

“पागल झाला का रे? आम्ही हर साल ताजिया थंडा करतो. त्यानं कोनी मरते का?”

“ताजियाले तोंड नसते, नवाब.”

नवाबनं घराचा पत्ता सांगितला, वेशीच्या आत, कोणत्या गल्लीत, दारापुढं कडुनिंब. “बाईचं नाव इंदुताई. माझं नाव सांगजो.”

“चांद्याले रंग आनाले जातो,” असं मनकर्णेला सांगून पत्रू कोजागिरीच्या दिवशी तांबडं फुटताच निघाला. तिनं भाकर बांधून दिली. “दिस भरत आले,” ती म्हणाली, “रंग काय आताच पायजे?” तो म्हणाला पाहिजे. सुगंधाबाईला शेजारी झोपायला सांगून तो मूलच्या वाटेला लागला. मूलपर्यंत पाच कोस पायी, तिथून चांद्याची छोटी गाडी. ती अशी चालायची की उतरून लघवी करून पुन्हा बसावं. पत्रू एरवी गाडीलाही भ्यायचा. त्या दिवशी तिनं पळावं म्हणून तो खिडकीच्या दांडीला ढकलत होता.

कडुनिंबाचं घर सापडलं तेव्हा उन्हं कलली होती. इंदुताई अंगणात खिरापतीचं काहीतरी पाखडत होत्या, आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची कमळा झेंडूची माळ ओवत होती. नवाबचं नाव सांगताच पत्रूला पाणी मिळालं. “सावलीहून एवढ्या लांब? मूर्तीला हात फिरवायला?” इंदुताईंना नवल वाटलं. “असे कुंभार राहिलेत होय अजून! जा कमळे, दाखव.”

आतल्या खोलीत चौरंगावर ती होती.

कमळेनं तिला मण्यांची नथ केली होती. जरीच्या चिंधीचं पातळ नेसवलं होतं, केसांत खरी फुलं होती. मनकर्णेला लग्नात नथ मिळाली नव्हती. घरात एकच होती, ती थोरल्या जावेला गेली. पत्रू खाली बसला. बेचाळीस पुसून झाल्यावर ही एक उरली होती, आणि ती त्याच्याकडं पाहून विचारत होती. त्यानं फडकं काढलं, तांब्यात भिजवलं, हात पुढं केला.

कमळेनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. “नाही! हिला काही झालेलं नाही. कुठे आहे तडा? दाखवा मला.”

“हाये पोरी. बारीक हाये.”

“खोटं. मी रोज पाहते तिला. मी शाळेतून आले की ती म्हणते, अस्सं का? मी सगळं सांगते तिला.”

पत्रूचा हात आपोआप खाली आला. मोठ्या माणसाला दहा वर्षांच्या पोरीच्या हातातून मनगट सोडवता येत नाही असं नाही. त्याला सोडवायचं नव्हतं. तो उठून अंगणात आला आणि इंदुताईंना म्हणाला, “बाई, एक मांगू? इले थंडी करू नोका. राहू द्या घरात.”

“अहो, महिनाभराची माहेरवाशीण,” त्या हसल्या. “सासरी नको का पाठवायला? अशी ठेवून घेतली तर भुलोजी काय म्हणेल?”

भुलोजी समोरच उभा होता आणि त्याला काही म्हणता येत नव्हतं. रात्री पत्रू ओसरीवर झोपला, म्हणजे पडून राहिला. सकाळी पोरी जमल्या. रामाळ्याच्या तलावावर जायला निघाल्या तेव्हा पत्रू म्हणाला, मूर्ती मी घेतो. घडवणाऱ्याच्या हातून जाणं चांगलंच, असं इंदुताईंनाही वाटलं.

तो छातीएवढ्या पाण्यात गेला. तिचं तोंड पाण्याच्या वर धरून उभा राहिला. काठावर गाणं चाललं होतं, कमळा रडत गात होती. आता कोणी अडवणारं नव्हतं. पाण्याखाली नेण्याआधी एकदा अंगठा फिरवला की संपलं. थंडी होईल ती कोणीही एक भुलाबाई, मनकर्णा नव्हे. त्यानं अंगठा तिच्या भुवईवर ठेवला. ठेवलेलाच राहिला. गाणं संपलं, पोरी ओरडल्या, “सोडा, सोडा!” पाणी मूर्तीत शिरून ती जड होत होती. आणि पत्रूनं अंगठा काढून घेतला आणि ती तशीच, पूर्ण तोंडानिशी, सोडली. नथ वर तरंगली. काजळ थोडा वेळ पाण्यात दिसलं.

काठावर आल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. बायकोला वाचवायला आलेल्या माणसानं हातानं तिला बुडवली होती, आणि का, तर पुसवेना म्हणून. इंदुताईंनी दिलेला फराळ तिथंच ठेवून तो स्टेशनाकडं धावत सुटला.

गाडीत तो कोणाशी बोलला नाही. आपण पोचू तेव्हा काय असेल ते त्याला दिसत होतं. अंगणात बांबू, काटक्या, गोवऱ्या. मूलला उतरून तो चालायला लागला, मग पळायला लागला. साग-बांबूच्या दाट पट्ट्यात वाटेवर मोठ्या जनावराची ताजी पावलं होती, अजून पाणी झिरपत असलेली. एरवी पत्रू तिथून परत फिरून मूलला मुक्कामाला गेला असता. त्या दिवशी तो त्या पावलांवर पाय देत गेला. एका वेळी माणूस एकालाच भिऊ शकतो.

सावलीत दिवेलागण होत होती. त्याच्या अंगणात बायका जमल्या होत्या. पदर डोक्यावर, हलक्या आवाजात बोलणं. पत्रू आव्याच्या राखेत मटकन बसला.

सुगंधाबाई पडवीत हात धूत होती. “असा काय बसला गा? ऊठ. पोरगी झाली तुले. सकाळी झाली. चांगली ठणठणीत हाये.”

“अना… थे?”

“थे काय! वाट पाहून राह्यली तुयी. डोये मिटत नाई.” मग हात पुसत, स्वतःवर खूश होत, “म्या वेळेवर सांगतलं म्हनून वाचली म्हना.”

पत्रू रडला. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत, सगळ्या बायकांदेखत रडला. गाव काय म्हणेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. तो उंबऱ्याशी बसला. आत मनकर्णा खाटेवर, सुपात पोरगी. दिव्याच्या उजेडात त्यानं तिचं तोंड पाहिलं, एकेक वण पाहिला, आणि त्याला वाटलं आता जन्मात काही मागणार नाही. पण मनकर्णा हसली नाही.

“काल पाटलाकडं गेली होती म्या,” ती म्हणाली. “भुलाबाईच्या पाया पडाले.”

पत्रू उंबऱ्यावरची माती नखानं खरवडू लागला.

“मंग गावंड्याकडं गेली. मंग कुमरेकडं. सात घरं फिरली, असं पोट घेऊन.” ती थांबली. “माह्यं तोंड काऊन पुसलं?”

“तुले… मालूम होतं?”

“डोये तं मीच काढले ना. पह्यलीचे काढले तवाच समजलं. मले वाटलं, अकरा वरसानं का होईना, या मानसानं सांगतलं.” तिनं सुपातलं फडकं सारखं केलं. “रोज सांजेले पोट्ट्या गाने म्हनत, अना म्या इथी बसून आयकत राहो. त्रेचाळीस घरी मले फुलं वाहून राह्यले. काळ्या मडक्याले. अना तुमी घरोघरी जाऊन पुसलं. लोक हासले का? लाज वाटली?”

“नाई, नाई!” पत्रू उंबऱ्यावरून अर्धा आत गेला. “लाज नाई वो. भेव वाटलं. सुगंधाबाई म्हने जित्या मानसाचं तोंड थंडं केलं तं थे मानूस… म्हनून पुसलं. तुले सांगतलं असतं तं तू भेली असती.” आणि मग, गुन्हा कबूल करावा तसा, “चांद्याची नाई पुसली. पुसवलीच नाई. तशीच सोडली.”

सुपातली पोरगी कुरकुरली, मनकर्णेनं तिला थोपटलं.

“भेव तुमाले होतं,” ती म्हणाली, “अना पुसलं मले.”



पुढच्या भाद्रपदात तो बापाच्या वळणाचा नवा साचा करायला बसला. गोल, गुबगुबीत. मनकर्णा आतून आली, पोरीला मांडीवर घेऊन समोर पाट मांडून बसली आणि पदर मागं केला. अंगणात, भर दुपारी, सगळ्या मोहल्ल्यादेखत.

“काढा,” ती म्हणाली.

“मनकर्णा, कोजागिरी झाली का थंडी करतीन.”

“करू द्या. महिनाभर तं पुजतीन.”

पत्रूच्या हातून मातीचा गोळा खाली पडला. त्यानं तो उचलला, झटकला, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. पोरगी आईचा पदर ओढत होती. मग भीत भीतच त्यानं डाव्या भुवईला हात घातला.